प्रॉडक्शन सोडून क्वालिटीत जावं का? सीनियर क्वालिटी इंजिनिअर दिवसभर करतो काय?

तुम्ही लिहिलंय की एसएमटी लाईनवर (सर्किट बोर्डावर मशीननं पार्ट बसवायची लाईन) ३ वर्षं प्रॉडक्शनला काढली, आता क्वालिटीत जागा निघालीये, पण सगळे म्हणतात क्वालिटीवाले नुसते लाल टॅग लावत फिरतात. मी भोसरी-चाकण पट्ट्यात हेच काम करतो, आमच्याकडे गाड्यांचे कंट्रोल बोर्ड बनतात.

लाल टॅग लावतो हे खरंय, पण ते सगळ्यात सोपं काम. सोल्डर कमी पडलं, पार्ट वाकडा बसला तर एओआय मशीन (कॅमेऱ्यानं बोर्ड तपासणारं) दाखवतं, मग आयपीसी-ए-६१० (बोर्डातलं काय चालतं, काय नाही ते सांगणारं स्टँडर्ड) उघडायचं आणि क्लास २ ला चालतं, त्याहून कडक क्लास ३ ला नाही, असं सांगून मोकळं व्हायचं. बाकी सोल्डर पेस्टच्या फ्रीजचं टेंपरेचर, रिफ्लो प्रोफाइल (सोल्डर वितळवणाऱ्या भट्टीतलं तापमान कसं चढतं-उतरतं ते), सप्लायरशी भांडणं, ऑडिट आलं की आठवडाभर कागद, हे रोजचंच. डोकं लागतं ते बोर्ड आपल्याकडे सगळ्या टेस्ट पास होऊन जातो आणि कस्टमरकडे मरतो तेव्हा.

माझंच सांगतो. एका जुलैत कस्टमरकडून बोर्ड परत आले, थंड असताना चालायचे आणि गरम झाले की बंद. मी घाईत एट डी (तक्रारीचं कारण आणि उपाय सांगणारा कस्टमरला द्यायचा रिपोर्ट) लिहून टाकला, कारण काय तर ऑपरेटरची चुकीची हाताळणी, आणि ट्रेनिंग दिलं म्हणून सह्यांचा कागद जोडला. पुढच्या महिन्यात तोच फॉल्ट परत. मग सिरीयल नंबर लावून बसलो तर बहुतेक बोर्ड शुक्रवारच्या पहिल्या शिफ्टचे निघाले, आणि आमची सुट्टी गुरुवारी! त्या बोर्डावरचा एक आयसी एमएसएल ५ए (ओलावा किती सोसतो त्याची लेव्हल) होता, म्हणजे पाकीट फोडल्यावर ३० डिग्री आणि ६० टक्के ह्युमिडिटीला फक्त २४ तास बाहेर चालतो, नाहीतर ड्राय कॅबिनेटमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या कपाटात, ठेवायचा. तसा ठेवलेलाही होता. कॅबिनेटचा ह्युमिडिटीचा डिस्प्ले सकाळी ५ टक्केच्या आत, रजिस्टरला सही, सगळं ओके.

शेवटी बुधवारी रात्री मी स्वतः थांबलो. साडेअकराला सिक्युरिटीवाले काका आले आणि रोजच्या सवयीनं स्टोअरचा मेन पाडला, कॅबिनेट त्याच लाईनवर!! दाराचं रबर सैल झालेलं, एसी बंद, बाहेर पाऊस, म्हणजे शुक्रवार सकाळपर्यंत ३० तास आयसी दमट हवा पीत बसलेला. सकाळी स्टोअरवाला मेन चढवायचा आणि रीडिंग घ्यायच्या वेळेपर्यंत कॅबिनेट परत कोरडं. मग तो आयसी रिफ्लोत २४५ डिग्रीला गेला की आतल्या ओलाव्याची वाफ, पॅकेज (आयसीचं प्लास्टिकचं आवरण) आतून सुटतं, वरून काही दिसत नाही. बाहेरच्या लॅबला पाठवून अकूस्टिक स्कॅन (ध्वनिलहरींनी आतलं बघणं) केला तेव्हा दिसलं.

कॅबिनेट यूपीएसवर टाकलं, आत डेटा लॉगर ठेवला, उरलेले आयसी बेक केले, म्हणजे गरम करून ओलावा काढला. त्यात पण मजा, ट्रेमधले १२५ डिग्रीला टाकता येतात पण रीलमधले नाही, प्लास्टिक वितळतं, ते ४० डिग्रीला कित्येक दिवस ठेवावे लागले आणि प्रॉडक्शन मॅनेजर रोज येऊन विचारायचा, शिजले का? माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच, लाईनवरच्या ताई म्हणाल्या, "सर, मग माझी सही कशाला घेतली होती?"

तर माझं मत, जा. लाईन माहितीये हे तुमच्या फायद्याचं, निम्म्या क्वालिटीवाल्यांना फीडर (मशीनला पार्ट पुरवणारा) कसा लावतात माहीत नसतं. पण महिनाअखेरीला 'डेव्हिएशन (नियमात न बसणारा माल सोडायची परवानगी) घे आणि गाडी सोड' हे ऐकावं लागणार आणि खाली सही तुमची असणार, म्हणून इंटरव्ह्यूमध्ये पगाराच्याही आधी एक विचारा, लॉट होल्डवर टाकला तर तो सोडायचा अधिकार कोणाकडे आहे. प्लांट हेड असं उत्तर आलं तर थोडं जास्त मागा 😄