पीअर-टू-पीअर नेटवर्कवर, म्हणजे जिथे लोक थेट एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून फाइली घेतात तिथे, लोकांनी शेअर करत राहावं म्हणून व्हर्च्युअल करन्सी दिली तर खरंच फायदा होतो का?

होतो, पण नुसते कॉइन वाटून होत नाही, ते फिरते राहावे लागतात आणि बहुतेक सिस्टिम तिथेच अडकतात.

लोक आपणहून शेअर करतील ही आशा तर सोडूनच द्या. 2000 साली नुटेला (Gnutella) या फाइल शेअरिंग नेटवर्कचा अभ्यास झाला त्यात जवळपास 70 टक्के युजर एकही फाइल शेअर करत नव्हते, नुसते घेत होते. त्याच सुमारास मोजो नेशन नावाचं नेटवर्क आलं, अपलोड केलं, डिस्कवर जागा दिली की मोजो नावाचे कॉइन मिळायचे आणि डाउनलोडला ते खर्च व्हायचे, पण ते काही टिकलं नाही. तिथेच काम केलेल्या ब्रॅम कोहेनने 2001 मध्ये बिटटोरंट काढलं, त्यात करन्सीच नाही, तू मला फाइलचे तुकडे दे मी तुला देतो, आणि अधूनमधून अनोळखी पीअरलाही थोडं द्यायचं, कारण नवीन माणसाकडे सुरुवातीला द्यायला काही नसतंच.

फाइल उतरेपर्यंत हे मस्त चालतं. पण उतरल्यावर सीड, म्हणजे पूर्ण फाइल इतरांसाठी अपलोडला चालू, कशाला ठेवायची? इथे मात्र क्रेडिट हवंच असं माझं ठाम मत आहे. प्रायव्हेट ट्रॅकरवरचा (फक्त सभासदांसाठीच्या टोरंट साइटवरचा) रेशो, म्हणजे अपलोड भागिले डाउनलोड, हे तेच, फक्त त्यात एक मोठा घोळ आहे: एकाचं अपलोड तेच दुसऱ्याचं डाउनलोड, म्हणजे सगळ्यांचा मिळून रेशो 1 च्या वर जाऊच शकत नाही. मग कोणी सीडबॉक्स (सीडिंगसाठी भाड्याने घेतलेला वेगवान सर्व्हर) लावून 20 वर गेला की बाकीचे बरेच जण 1 च्या खाली राहणारच, त्यांनी दिवसरात्र सीड चालू ठेवलं तरी, कारण घ्यायलाच कोणी येत नाही. अशा माणसाला लीचर, म्हणजे नुसता घेणारा, ठरवून बॅन करणं हा सरळसरळ अन्याय आहे! म्हणूनच फ्रीलीच ठेवतात (काही फाइलींचं डाउनलोड रेशोत धरतच नाहीत), सीडिंगच्या तासांचे बोनस पॉइंट देतात, म्हणजे एका अर्थी नवीन नोटाच छापतात. कमी छापल्या तर लोक क्रेडिट धरून बसतात आणि डाउनलोडच करत नाहीत, जास्त छापल्या तर कमवायची गरजच उरत नाही.

आणि हिशोब युजरच्याच मशीनवर ठेवू नका. कझा या फाइल शेअरिंग प्रोग्रामचं पार्टिसिपेशन लेव्हल, म्हणजे कोण किती शेअर करतो त्याचा आकडा, तसंच होतं, कझा लाइट या त्याच्या अनधिकृत आवृत्तीने ते थेट 1000 करून टाकलं.

तुम्ही स्वतः काही बनवत असाल तर डाउनलोड चालू असताना थेट देवाणघेवाणच ठेवा, आणि क्रेडिट द्या ते एकदोनच सीडर उरलेल्या जुन्या फाइली सांभाळणाऱ्यांना, तेही एमबीवर नाही, तासांवर.