महामारीत मनाने खचलेला माणूस त्याच अनुभवातून घडूही शकतो का?

हो, शकतो, आणि त्यासाठी त्रास आधी पूर्ण संपावा लागतो असंही नाही. त्रास आणि मनाची वाढ, दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी दिसतात. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी अशी वाढ मोजायला 1996 मध्ये 21 विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. कोविडकाळातल्या अनेक अभ्यासांत तीच वापरली गेली. नात्यांतली जवळीक, नव्या वाटा, स्वतःच्या ताकदीची जाणीव, अध्यात्म आणि जगण्याची किंमत कळणं, एवढं त्यात पाहतात. त्यांच्या मते माणूस बदलतो तो संकटामुळे नव्हे, तर त्यानंतरच्या झुंजीमुळे. रात्री दोन वाजता ‘माझ्यामुळेच घरात संसर्ग आला का’ हे डोक्यात घोळणं कमी होऊन ‘आता पुढे काय’ असा विचार सुरू होतो, कुणाशी तरी मोकळं बोलणं होतं, तिथून पुढे फरक पडतो. मात्र ही प्रश्नावली माणसाच्या स्वतःच्या सांगण्यावर चालते, आणि ‘मी खूप बदललो’ ही कधीकधी मनाची समजूतही असते. त्यामुळे ‘बघ, यातून काहीतरी शीक’ असं खचलेल्याला सुनावू नये (हे हमखास होतं). झोप, भूक, काम आठवडेच्या आठवडे बिघडलं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा.