वाचकांचे प्रश्न : दोन घरांत एकच आयपी पत्ता कसा?

प्रश्न : गिरगावातील आमच्या घरी लॅपटॉपचा आयपी पत्ता १९२.१६८.१.५ असा दिसतो. मध्यंतरी डोंबिवलीला मुलीकडे गेलो होतो, तर तिच्या संगणकावरही नेमका हाच पत्ता दिसला. इंटरनेटवर प्रत्येकाचा पत्ता वेगळा असतो, असे वाचले होते. मग हे कसे? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : आपण वाचलेत ते बरोबर आहे, मात्र आपल्याला दिसलेला पत्ता इंटरनेटवरचा नव्हे, तो घरातल्या घरात वापरायचा आहे. गिरगावातल्या कितीतरी चाळींत खोली नंबर ५ असते आणि त्यामुळे कोणाचा घोटाळा होत नाही, कारण चाळीच्या आत तेवढा नंबर पुरतो. आयपी पत्त्यांतही असे तीन गट खासगी वापरासाठी राखून ठेवले आहेत : १० ने सुरू होणारे सर्व पत्ते, १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. आज पाळला जाणारा हा संकेत १९९६ सालच्या दस्तऐवजात नमूद आहे. हे पत्ते कोणीही, कोणालाही न विचारता वापरावेत. इंटरनेटवरील मार्ग दाखवणारी यंत्रे ते पुढे नेत नाहीत.

ही सोय करावी लागली ती टंचाईमुळे. १९८१ साली ठरलेल्या आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे ० किंवा १ अशा ३२ अंकांचा असतो. त्याचे आठ-आठ बिटांचे चार भाग पाडून ते आपल्याला दशमान अंकांत दाखवले जातात, म्हणून प्रत्येक भाग ० ते २५५ यांच्यातच असतो आणि १९२.१६८.१.३०० असा पत्ता असूच शकत नाही. असे एकूण पत्ते होतात सुमारे ४२९ कोटी. त्या काळी हा आकडा न संपणारा वाटला असेल. पण जागतिक साठ्यातील अखेरचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून झाले.

घरातले चार फोन, टीव्ही आणि लॅपटॉप एकाच सार्वजनिक पत्त्यावर चालतात ते राउटरमुळे. आपल्या लॅपटॉपने एखादे संकेतस्थळ मागितले की राउटर त्या मागणीवरचा १९२.१६८.१.५ हा पत्ता काढून तेथे स्वतःचा बाहेरचा पत्ता घालतो, आणि आतला कोणता पत्ता व कोणता पोर्ट क्रमांक (एकाच यंत्रावरची वेगवेगळी संभाषणे ओळखण्याचा क्रमांक) होता याची नोंद स्वतःच्या तक्त्यात करून ठेवतो. उत्तर परत आले की तीच नोंद पाहून ते नेमके आपल्या लॅपटॉपकडे जाते, शेजारी चालू असलेल्या टीव्हीकडे जात नाही.

पत्त्याच्या खालीच २५५.२५५.२५५.० असा सबनेट मास्क आपल्याला दिसला असेल. पहिले तीन भाग जुळले तर समोरचे यंत्र घरातलेच आहे, असे तो लॅपटॉपला सांगतो. १९२.१६८.१.२० वरच्या प्रिंटरला लॅपटॉप थेट गाठतो. भाग जुळले नाहीत तर मजकूर गेटवेकडे, म्हणजे राउटरकडे सोपवतो. शेवटच्या भागाचे २५६ आकडे होतात, पण त्यांतील ० हा त्या जाळ्याचा स्वतःचा आणि २५५ हा सर्वांना एकदम हाक मारण्याचा असल्यामुळे यंत्रांना देता येतात २५४, आणि त्यांतलाही एक राउटर घेतो.

प्रश्न : भांडुपला माझे दुकान आहे. तेथील सीसीटीव्ही घरून थेट पाहता यावा म्हणून राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी आतल्या ठरलेल्या यंत्राकडे पाठवण्याची सोय) करून घेतले, तरी चित्र दिसत नाही. केबलवाला म्हणतो, स्टॅटिक आयपी घ्या. घ्यावा का? – एक दुकानदार, भांडुप

उत्तर : आधी राउटरच्या पानावर वॅन (राउटरची बाहेरच्या जाळ्याकडील बाजू) या शीर्षकाखाली कोणता पत्ता आहे तो पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, किंवा ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या संकेतस्थळावरील पत्त्याशी जुळत नसेल, तर आपल्या राउटरच्या वर सेवा देणाऱ्याचा आणखी एक राउटर तीच अदलाबदल करत आहे, असे समजावे. पत्ते कमी पडू लागल्यावर अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवण्यासाठी १००.६४ पासूनचा हा गट २०१२ साली राखून ठेवण्यात आला. बाहेरून आलेली हाक त्या वरच्या राउटरपाशीच अडते, कारण त्याच्या तक्त्यात आपल्या कॅमेऱ्याची नोंद नसते, आणि आपण आपल्या राउटरवर केलेले फॉरवर्डिंग तिच्या वाटेतच येत नाही.

केबलवाल्याचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. स्टॅटिक म्हणजे न बदलणारा. सार्वजनिक असणे ही वेगळी गोष्ट आहे. पैसे देण्यापूर्वी ‘पब्लिक आणि स्टॅटिक’ असे दोन्ही स्पष्ट विचारून घ्यावे. माझ्या मते मात्र एका दुकानासाठी दरमहा हा खर्च करू नये. कॅमेरा बनवणाऱ्याचे मोबाइल ॲप असेल तर ते वापरावे. तेथे कॅमेरा स्वतःच बाहेरच्या सर्व्हरशी संपर्क साधतो, त्यामुळे तक्त्यात नोंद आपोआप होते. कोणताही मार्ग निवडला तरी कारखान्यातून आलेला पासवर्ड आधी बदलावा : २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रणालीने असेच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते.

प्रश्न : माझ्या संगणकाचा पत्ता अचानक १६९.२५४ ने सुरू होऊ लागला आणि नेट बंद पडले. व्हायरस असेल का? – एक वाचक, परळ

उत्तर : नाही. राउटरकडून पत्ता मिळाला नाही की संगणक या गटातला एखादा पत्ता स्वतःच घेतो. त्यावर शेजारच्या यंत्राशी बोलता येते, बाहेर जाता येत नाही. नेटवर्कची केबल दोन्ही टोकांना घट्ट बसली आहे का ते पाहावे, मग राउटर बंद करून पुन्हा सुरू करावा. घरातल्या इतर फोनना व्यवस्थित पत्ता मिळत असेल, तर दोष केबलमध्ये किंवा संगणकाच्या नेटवर्क कार्डात शोधावा.