सांगलीत छोट्या हॉलमध्ये शांत वाजवणाऱ्या इंडी (मोठ्या कंपनीशिवाय स्वतःच्या बळावर चालणाऱ्या) रॉक बँडला तीनशे रुपये देऊन जावं का?

जरूर जा. तुम्ही लिहिलंय की गायक प्रेक्षकांशी बोलतही नाही, गाणी अगदी हळू आहेत, मग याला रॉक का म्हणायचं? गेल्या हिवाळ्यात सांगलीच्याच विश्रामबाग भागात एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर असाच एक बँड ऐकला, त्यावरून सांगतो.

आपल्याकडे बँड म्हटलं की वरातीतला बँड आणि ड्रम म्हटलं की मिरवणुकीतली डॉल्बी. छातीत धडधडल्याशिवाय कार्यक्रम झाल्यासारखं वाटत नाही. मी थोडा लवकर पोचलो म्हणून त्यांची तयारी बघायला मिळाली. खोली लहान, पन्नासेक खुर्च्या, खाली फरशी, एका बाजूला पूर्ण काच. आवाज नुसता आपटत होता. ड्रमवाल्याने बॅगेतून एक पंचा काढला, चौपदरी घडी घातली आणि स्नेअरच्या, म्हणजे समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमच्या, अर्ध्या भागावर ठेवून चिकटपट्टीने बसवला. काठी मारून पाहिली. 'टण्ण' जाऊन 'ठप्प' आलं. तरी त्याचं समाधान होईना. शेवटी काठ्या खाली ठेवून त्याने ब्रश घेतले, बारीक तारांची जुडी असते तसले.

मला त्या पंच्यातच सगळं कळलं. ड्रमचा आवाज मुळातच मोठा. अशा खोलीत तो जोरात वाजला की गायकाचा माइक वाढवावा लागतो, मग गिटारवाला गिटारचा आवाज मोठा करणारा स्वतःचा अ‍ॅम्प वाढवतो आणि शेवटी नुसता गलका उरतो. ड्रमवाला खाली आला की सगळे खाली येतात आणि शब्द ऐकू येतात. हे करायला हातावर भलताच ताबा लागतो. जोरात वाजवण्यापेक्षा लयीला धरून हळू आवाजात वाजवणं कितीतरी अवघड.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ गावी १९९३ साली असाच शांत वाजवणारा 'लो' नावाचा बँड सुरू झाला. त्यांची ड्रमवादक मिमी पार्कर मोजकेच ड्रम घेऊन उभ्याने वाजवायची. सुरुवातीच्या दिवसांत लोक गप्पा मारायला लागले की ते आवाज वाढवायचे नाहीत, उलट आणखी कमी करायचे. पार्कर २०२२ मध्ये गेल्या. 'लो'ची सुरुवातीची गाणी कार्यक्रमाला जायच्या आधी रात्री दिवा बंद करून ऐका, कान तयार होईल.

खरं तर आपला कान तयार आहेच. मी मिरजेचा. लहानपणी काका मला मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसातल्या गाण्याला घेऊन जायचे. १९३७ साली गेलेल्या, किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत तिथे अजून रात्र जागते. मिरजेतल्या तंतुवाद्यांच्या दुकानात कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवतो, कान लावतो, पुन्हा सरकवतो, तेव्हा कुठे जवारी, म्हणजे तारेची गुंज, खुलते. कॅफेतल्या त्या रात्री गिटारवाल्याने दोन गाण्यांच्या मध्ये अ‍ॅम्पचं एक बटण अगदी तेवढंच फिरवलं, तार छेडली, मान हलवली, पुन्हा थोडं मागे घेतलं. सुराची कड नुसती खरखरीत झाली पाहिजे, फाटता कामा नये. ते बघताना मला काकांचा हात धरून दुकानात उभा राहिल्यासारखं झालं. वाद्य वेगळं, भाषा वेगळी, शोध तोच.

गायक बोलत नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. मी ऐकलेल्या बँडचा गायकही गाण्याचं नाव सांगून थेट सुरुवात करायचा. त्याला जे सांगायचं होतं ते गाण्यात होतं.

बसायचं म्हणाल तर मधोमध, तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसा. गिटारच्या अ‍ॅम्पच्या थेट समोर बसलात तर सगळी धार तुमच्याच कानात येते आणि कोपऱ्यात बसलात तर बेस, म्हणजे खालचे जाड सूर, गोळा होऊन घुमतो. खोली भरली की माणसांच्या अंगाने, कपड्यांनी घुमणं बरंच कमी होतं, म्हणून तयारीच्या वेळचा आवाज ऐकून परत फिरू नका.

आणि एक विनंती. शेवटच्या गाण्यात गिटारचा एकच सूर बराच वेळ विरत जातो, तेव्हा टाळ्या थांबवा. आमच्या इथे तो सूर पंख्याच्या आवाजाइतका बारीक झाला होता, सगळी खोली श्वास धरून बसलेली, आणि मागून कुणीतरी मोठ्यांदा 'वन्स मोअर' ओरडलं. नाट्यगृहाची जुनी सवय, प्रेमानेच ओरडला असणार. पण तो सूर कुठे संपला ते आम्हा कुणालाच ऐकायला मिळालं नाही.