परशरामला यमक

प्रिय मनू,

डिसेंबरात बेळगावच्या लग्नात धाकट्या मावशीला सगळ्यांनी उंबऱ्यावर अडवलं होतं. उखाण्यात नाव घेतल्याशिवाय आत सोडेनात. तेव्हा तू माझ्या कानाशी येऊन विचारलंस, "सरळ का नाही सांगत ती त्याचं नाव? घाबरते का त्याला?" मी "गंमत असते गं" म्हणून वेळ मारून नेली. टोरांटोला परत येऊन महिना झाला, तरी ते "घाबरते का" डोक्यातून जात नाही.

माझी आज्जी, म्हणजे तुझी येळ्ळूरची पणजी, आबांचं नाव कधी घ्यायची नाही. "आमचे हे", नाहीतर "तुझे आबा". एकदा रेशन कार्डासाठी कचेरीत गेलो होतो. कारकुनाने तीनदा विचारलं, "मालकाचं नाव?" आज्जी पदर तोंडाला लावून उभी. शेवटी तिने मला पुढे ढकललं आणि मी, आठ वर्षांची, म्हणाले, "परशराम." मागच्या रांगेतली माणसं हसली. आज्जीचा हात माझ्या खांद्यावर होता, तो किती घट्ट झाला ते मला अजून आठवतं. त्यामुळे तुझा प्रश्न चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही.

पण तीच आज्जी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वेगळीच असायची. बेळगावात बाजाराला जाताना आम्ही सार्वजनिक वाचनालयावरून जायचो, १८४८ सालचं ते. आज्जी कधी आत गेली नाही, तिला अक्षरओळखच नव्हती. आता येळ्ळूरला, कडोलीला हिवाळ्यात साहित्य संमेलन भरतं, ग्रंथदिंडी निघते, कवी माईकवर कविता म्हणतात. आज्जीचं संमेलन म्हणजे माजघरात बसलेल्या पंधरा-वीस बायका. एका वर्षी आबा बाहेर सोप्यात पान खात बसले होते आणि आज्जीने मुद्दाम आवाज चढवून नाव घेतलं:

"बेळगावचा कुंदा आणला, सांगितला नाही दाम,
उधारीच्या वहीत पहिले, परशराम!"

माजघर हसून लोटपोट. सोप्यातून आबांचं नुसतं खाकरणं ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानदाराची उधारी फेडून आले. घरात कुणी त्यावर चकार शब्द काढला नाही.

मी पण जुळवायला बसले होते. "शेतात गळतो घाम" असं काहीतरी केलं, तर म्हणाली, "काम, घाम कुणीबी जोडतंय. तुझ्या पोटात काय हाय ते सांग, यमक मागनं येतंय." लिहिण्याबद्दल मला पहिल्यांदा काही शिकवलं ते तिने, तांदूळ निवडता निवडता.

कानडी शब्दही ती सोडायची नाही. शेजारच्या अव्वांनी जेवायला बोलावलं, "ऊट माड्री", की आज्जी ताडकन उभी राहायची. "ऊठ म्हणताय, मग जेवायला बसू कशी?" अव्वांना मराठी येत होतं, त्यामुळे दरवेळी दोघी तितक्याच हसायच्या. (कानडीत ऊट म्हणजे जेवण.)

मी तुझ्या बाबाला नावानेच हाक मारते. लग्नात उखाणा घे म्हणून आग्रह झाला तेव्हा मी घेतला नाही, तेव्हा बरोबरच वाटलं होतं. आज्जी काही बोलली नाही, पण तिने माझ्यासाठी एक तयार ठेवला होता हे मला मागाहून कळलं. काय होता, ते विचारायचं राहून गेलं.

तू उखाणे शिकावेस म्हणून हे लिहीत नाही. तुला जमेल की नाही, आवडेल की नाही, ते तू बघ. पण त्या दिवशी येताना गाडीत तू मावशीच्या नवऱ्याच्या नावाला यमक शोधत होतीस, हळूच, खिडकीकडे तोंड करून. ते मी ऐकलं होतं. काय जुळलं होतं, सांगशील?

तुझी,
आई