कॅनडात पहिल्यांदा रक्त द्यायला निघालास?

अरे, सुईचं नंतर, आधी पोटाचं बघ. मी पहिल्या खेपेला नुसत्या कॉफीवर गेलो आणि खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. पोहे, उपमा, काहीतरी खाऊन जा, पाणी भरपूर पी. बोटाला टोचून हिमोग्लोबिन बघतात. पुरुषांना १३० लागतं, बायकांना १२५. घाबरू नकोस, आपल्या मापात १३ आणि १२.५ च ते, इथे डेसिलिटरऐवजी लिटरमागे मोजतात.

भारतात जाणार असशील तर जायच्या आधीच देऊन टाक. परतल्यावर मलेरियाच्या प्रश्नावर काही महिने थांबवू शकतात. प्रश्नावली लांबलचक आहे, वैतागू नकोस, त्याला कारण आहे. १९८० च्या दशकात इथे दूषित रक्तातून हजारोंना एचआयव्ही आणि हेपटायटिस सी झाला. चौकशीला नेमलेल्या क्रेव्हर आयोगाने ते सगळं चव्हाट्यावर आणलं, रेडक्रॉसकडून रक्ताचं काम काढून घेतलं गेलं आणि १९९८ मध्ये त्यासाठी कॅनेडियन ब्लड सर्व्हिसेस ही संस्था उभी राहिली. (क्वेबेकची मात्र चूल वेगळी, हेमा-क्वेबेक.)

पुढची खेप तुला ५६ दिवसांनी, वहिनींना ८४. आणि त्या हाताने लगेच किराण्याच्या पिशव्या उचलू नकोस, कोपरापाशी काळंनिळं होतं.