‘पुढच्या वर्षी बघू’ या उत्तराचे काय करावे?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकमेकांच्या शेजारी ठेवावीत अशी निघाली. तिघांचीही घरे कोकणातली आहेत, तिघांच्याही संसारात मोठे भांडण नाही आणि तरीही काहीतरी बोलायचे राहून गेले आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या लग्नाला येत्या माघात २८ वर्षे पूर्ण होतील. दापोली तालुक्यात आमची हापूसची शंभर-सव्वाशे कलमे, थोडी भातशेती आणि दोन म्हशी आहेत. दर मे महिन्यात मुंबई-पुण्याचे पाहुणे आमच्याकडे उतरतात, पुढे मालवणला जाऊन येतात, सिंधुदुर्ग किल्ल्याचे फोटो दाखवतात आणि मी घावणे घालता घालता ते सगळे ऐकते. मी स्वतः लग्नानंतर रत्नागिरीच्या पलीकडे गेलेली नाही. ह्यांच्याकडे विषय काढला की ‘पुढच्या वर्षी बघू’ एवढेच उत्तर मिळते. माणूस वाईट नाही. व्यसन नाही, आवाज चढवणे नाही. अढीतला पहिला पिकलेला आंबा देवापुढे ठेवून झाला की दुसरा न बोलता माझ्या ताटाजवळ ठेवतात. पण इतक्या वर्षांत ‘तू आहेस म्हणून हे चालले आहे’ असे एक वाक्य त्यांच्या तोंडून आलेले नाही. मी फार अपेक्षा करते आहे का?

उत्तर : मुळीच नाही. तरीही तुमच्या पत्रातला जो तपशील तुम्ही जाता जाता लिहून टाकला आहे, त्यापाशी मी बराच वेळ थांबले. देवानंतरचा आंबा तुमचा, हे तुमच्या यजमानांनी कधी ठरवले असेल आणि किती हंगाम पाळले असेल याचा विचार करा. आपल्याकडच्या पुष्कळ पुरुषांना कृतज्ञता हाताने व्यक्त करता येते, तोंडाने येत नाही; तोंडाने व्यक्त करताना त्यांनी आपल्या वडिलांनाही कधी पाहिलेले नसते. याचा अर्थ आंबा मिळाला म्हणून वाक्याची गरज उरली नाही, असा मात्र मी काढणार नाही. म्हशींचे दूध काढून, भाताची लावणी करून आणि मे महिन्याच्या पाहुण्यांची जेवणे उरकून २८ वर्षे काढलेल्या बाईला एक वाक्य ऐकावेसे वाटणे हा हट्ट नव्हे.

ते वाक्य मागून मिळणार नाही, म्हणून सुरुवात तुम्ही करावी, असे सुचवते. ‘तुमचे आभार’ असे म्हणू नका, कारण आपल्या घरांत आभार परक्यांचे मानतात आणि ऐकणारा बिचकतो. त्याऐवजी केलेल्या कामाचे नाव घ्या. ‘दर वर्षी दुसरा आंबा तुम्ही माझ्यासाठी ठेवता, मला ते फार आवडते’, एवढे ताटावर बसल्या बसल्या सांगा आणि विषय तिथेच सोडा. त्याच दिवशी उलट वाक्य येईल अशी आशा धरू नका. पण आपले करणे कोणाच्या तरी नजरेत आहे हे कळलेला माणूस पुढे दुसऱ्याचे करणेही पाहू लागतो, असा माझा तरी अनुभव आहे.

आता प्रवासाचे बघू. ‘पुढच्या वर्षी’ हे उत्तर टाळाटाळीचे वाटले तरी त्यात थोडे सत्य आहे, कारण बागायतदाराचे वर्ष खरोखरच भरलेले असते. मार्चपासून मेअखेरीपर्यंत आंबा काढणे, अढी घालणे, पेट्या भरणे. जूनमध्ये पेरणी, जुलैत लावणी, मग गणपती, मग कापणी. तेव्हा ‘कधी जायचे?’ असे मोघम न विचारता त्या वर्षातली फट तुम्हीच शोधून द्या. माझ्या हिशेबाने ती तुळशीच्या लग्नाच्या आसपास आहे. भात झोडून घरात आलेले असते आणि फवारणीचा पंप अजून बाहेर निघालेला नसतो. पावसाळ्यात बंद असलेल्या किल्ल्यांच्या होड्याही तोवर सुरू झालेल्या असतात. दोन म्हशींचा प्रश्न मात्र खरा आहे. धारेसाठी ज्या घरी तुम्ही आजवर हात दिला असेल, त्या घराला या वेळी विनासंकोच विचारा, आणि तीन रात्रींहून जास्त मुक्काम ठरवू नका, नाहीतर तुमचे अर्धे मन गोठ्यातच राहील.

कुठे जायचे हे तुमच्या दारातूनच सुरू होते. हर्णैच्या बंदरात मासळीचा लिलाव चालू असताना समोर समुद्रात उभा असलेला सुवर्णदुर्ग तुम्ही शेकडो वेळा पाहिला असेल. त्याच्यावर पाऊल किती वेळा ठेवले? जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे तिन्ही आहेत, आणि तिन्ही तुमच्याच किनाऱ्याच्या एका ओळीत येतात. दाभोळला फेरीबोटीत गाडी चढवून धोपाव्याला उतरा, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला या आणि तिथून दुसऱ्या फेरीबोटीने जयगडला जा. गणपतिपुळ्याला पहिला मुक्काम होईल. दुसऱ्या दिवशी रत्नागिरी, पावस, जैतापूरमार्गे विजयदुर्ग. तिथे होडी लागत नाही, चालतच आत जाता येते आणि एकामागे एक असलेली तिहेरी तटबंदी सावकाश पाहता येते. तिथून देवगडावरून मालवण. देवगडात तुमचे यजमान दुसऱ्यांच्या हापूसच्या बागा पाहण्यासाठी गाडी थांबवतील. थांबू द्या, हा प्रवास त्यांचाही आहे.

सिंधुदुर्गाची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर झाली, म्हणजे मी सुचवलेल्या दिवसांच्या जवळपासच. होडी अगदी तटाजवळ येईपर्यंत त्याचा मुख्य दरवाजा दिसत नाही, तो बुरुजांच्या वळणात लपवलेला आहे. आत चहूकडे खारे पाणी असताना दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, आणि राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. पाहुण्यांच्या फोटोंत ते मंदिर बहुधा असेल. साखरबावीत वाकून पाहिलेले मात्र कोणी दाखवले नसेल.

आमच्या घरीही ‘बघू’ हा शब्द पंधरा वर्षे चालला. शेवटी मी एस.टी.चे आरक्षण करून दोन्ही तिकिटे देव्हाऱ्यात ठेवली. पूजेला बसल्यावर ती दिसली, आणि देवासमोर नाही म्हणणे यजमानांना जड गेले. हा मार्ग शिफारस करण्याजोगा आहे की नाही ते तुमचे तुम्ही ठरवा.

प्रश्न : मी मालवणची, लग्न होऊन सहा महिने झाले, सासर रत्नागिरीजवळच्या गावात. आम्ही दोघे एकमेकांना सहज ‘थँक यू’ म्हणतो. सासूबाई हसतात आणि ‘घरात कसले थँक यू’ म्हणतात. आम्ही म्हणणे बंद करावे का?

उत्तर : बंद करू नका आणि सासूबाईंचे हसणे मनावरही घेऊ नका. एकदा त्यांच्या हातच्या कुळथाच्या पिठीला ‘अशी पिठी मला येत नाही, मला शिकवा’ असे म्हणून पाहा. तेही थँक यूच आहे, फक्त त्यांच्या बोलीतले, आणि ते ऐकून त्या हसल्या तर निराळ्या कारणाने हसतील.

प्रश्न : मी चिपळूणचा निवृत्त शिक्षक असून माझे वय ६८, पत्नीचे ६४ आहे. नोकरी, मुलांची शिक्षणे, आईचे आजारपण यांत आमचे फिरणे राहून गेले. आता वेळ आहे, पेन्शन आहे, प्रकृतीही बरी आहे. मी एका वहीत ठिकाणांची यादी केली आहे. कोकण रेल्वेने गोकर्ण, उडुपी करावे असा पहिला बेत आहे. रोज रात्री वेळापत्रक वाचताना मला शाळेच्या सहलीच्या आदल्या दिवसासारखे वाटते. पण पत्नी म्हणते, ‘घर कोणाच्या जिवावर टाकू? देवपूजा कोण करील?’ तिला कसे तयार करावे?

उत्तर : सर, आधी एक विचारते : त्या वहीत पत्नीने सांगितलेले एक तरी ठिकाण आहे का? तुमचे पत्र दोन पानांचे आहे आणि त्यात त्यांचे आलेले हे एकच वाक्य नकाराचे आहे. ज्या बाईने आजवर शाळेच्या वेळेनुसार डबा, आईंच्या औषधांच्या वेळेनुसार झोप आणि मुलांच्या परीक्षांनुसार माहेरपण ठरवले, तिला आता आणखी एका वेळापत्रकानुसार चालायचे नसेल तर ते समजण्यासारखे आहे. वही त्यांच्या हातात द्या, पेनही द्या. कदाचित त्या उडुपीऐवजी कुलदैवताचे नाव लिहितील, कदाचित लहानपणच्या मैत्रिणीचे गाव लिहितील. पहिला प्रवास त्यांनी लिहिलेल्या ठिकाणाचा करावा, उडुपी कुठे पळून जात नाही.

ते ठिकाण महाराष्ट्रात असेल तर एस.टी. स्वस्त पडेल. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मेच, म्हणजे दोघांचा प्रवास एकाच्या पैशांत होतो. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद असल्यामुळे उडुपीचा हिशेब पूर्ण भाड्यानेच धरावा. आरक्षण ६० दिवस आधी उघडते, तोच दिवस गाठून खालचा बर्थ मागावा. गाडीतून समुद्र सतत दिसेल अशी पुष्कळांची समजूत असते. आपल्या जिल्ह्यात तरी रुळ आतल्या अंगाने जातात. पण रत्नागिरीच्या अलीकडे साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा, पलीकडे ६४ मीटर उंचीचा पानवल पूल आणि खाली होन्नावरला शरावती नदीवरचा दोन किलोमीटरहून लांब पूल आहे. त्या पुलाची वेळ रात्रीची पडणार नाही अशी गाडी निवडा. वेळापत्रक वाचण्याचा तुमचा छंद इथे कामी येईल.

देवपूजेची अडचण हसण्यावारी नेऊ नका. ‘चार दिवस देव उपाशी राहत नाही’ असे पुरुष मंडळी पटकन म्हणतात, कारण फुले आणि निरांजन त्यांच्या अंगावर नसते. निघण्यापूर्वी पंधरा दिवस सकाळची पूजा तुम्ही स्वतः करा. त्या कामाला किती वेळ आणि किती जीव लागतो हे तुमच्या लक्षात येईल, आणि कोणाला काय सांगून जायचे हेही नेमके कळेल. पूजा शेजारच्या ज्या घरी सोपवाल, तिथेच किल्ली द्या, आणि किल्लीबरोबर एक रिकामे पातेलेही द्या. परत याल त्या संध्याकाळी चहाला दूध लागेल.